घरपोच रुग्णसेवा शिकणे, शिकवणे आणि सुधारणे : गोव्यातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पेडण्यापासून काणकोणपर्यंत अटेंडंट, नर्स, रुग्णाच्या घरची माणसे, छोट्या एजन्सी आणि महिला मंडळे जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. एकदा आलेली गोष्ट दुसऱ्या उत्तरात परत लिहिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. तुमच्या रुग्णासाठी डॉक्टरांनी काही वेगळे सांगितले असेल तर तेच पाळायचे.

१. घरी रुग्ण सांभाळायचे काम करायला कोर्स लागतोच का? कोणता करावा?

आंघोळ घालणे, भरवणे, कूस बदलणे, हात धरून चालवणे यासाठी पदवी लागत नाही. शिकावे मात्र लागते, कारण ठसका, पडणे आणि पाठीवरच्या जखमा याच साध्या कामांतून होतात. हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचे दोन कोर्स उपयोगी आहेत. 'जनरल ड्यूटी असिस्टंट' हा मुख्यतः हॉस्पिटलच्या वॉर्डासाठी आहे आणि 'होम हेल्थ एड' घरच्या कामासाठी. आधीपासून काम करणाऱ्यांना पूर्ण कोर्स न करता अनुभवाची परीक्षा देऊन प्रमाणपत्र घेण्याची सोयही कौशल्य योजनांत असते. इग्नूचा घरगुती आरोग्यसेवेचा सर्टिफिकेट कोर्स आहे आणि इग्नूचे प्रादेशिक केंद्र गोव्यात आहे. नर्सिंग ही वेगळी वाट आहे : एएनएम (सहायक नर्स-प्रसूतिका) २ वर्षे, जीएनएम (सामान्य नर्स-प्रसूतिका) ३ वर्षे.

फी भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारा : प्रत्यक्ष खाटेपाशी, जिवंत माणसावर, किती तास सराव आहे? आकडा न सांगता सोयीसुविधांचे फोटो दाखवले तर तिथून निघा.

२. अटेंडंटने काय करायचे आणि नर्सने काय? इंजेक्शन अटेंडंट देऊ शकते का?

नाही. इंजेक्शन, सलाईन, लघवीची नळी घालणे-बदलणे, नाकातली नळी घालणे, खोल जखमेचे ड्रेसिंग ही नोंदणीकृत नर्सची कामे आहेत, तीही डॉक्टरांच्या लेखी सूचनेवर. अटेंडंटने स्वच्छता, भरवणे, हालचाल, मोजमाप घेऊन लिहिणे आणि गोळ्यांची आठवण ही कामे करायची. गोळ्यांचा आठवड्याचा डबा घरच्यांनी किंवा नर्सने भरायचा. अटेंडंटने त्या वेळचा कप्पा उघडून द्यायचा आणि गोळी गिळलेली पाहून लिहायचे. पाकिटातून गोळी निवडून काढणे तिच्यावर सोपवू नका. सारख्या दिसणाऱ्या पांढऱ्या गोळ्या तिथेच बदलतात.

इन्सुलिनबद्दल लोक सवलत मागतात. घरची व्यक्ती शिकून घेऊन ते देऊ शकते. मात्र आधी प्रश्न ६ वाचा.

३. कोर्स झाला. आता रोजच्या धावपळीत शिकायला वेळ कुठून आणायचा?

आठवड्यातून एकदा ४५ मिनिटे. गोव्यात दुपारी २ ते ३ ही वेळ सोयीची, कारण जेवून रुग्णही झोपलेला असतो आणि घरही. आठपेक्षा जास्त माणसे नकोत. पहिली ५ मिनिटे मागच्या आठवड्यात ठरलेले झाले का ते पाहायचे. मग २० मिनिटे एकाच रुग्णावर बोलायचे, १५ मिनिटे एक कौशल्य हाताने करून पाहायचे आणि शेवटच्या ५ मिनिटांत एकच गोष्ट ठरवून तिच्यापुढे नाव लिहायचे. घर सोडता येत नसलेल्या अटेंडंटला फोनवर जोडून घ्या.

अशा बैठका साधारण महिन्याभरात मरतात. एकतर त्यांचे रूपांतर पगार-सुट्टीच्या तक्रारींत होते (त्या खऱ्या असतात, पण त्यांना वेगळी वेळ द्या), नाहीतर तो तास बिनपगारी धरलेला असतो. शिकण्याचा तास हा कामाचा तास आहे, त्याचे पैसे द्यायला हवेत. यावर एजन्सीवाले नाराज होतात, पण आमचे मत बदललेले नाही.

नोंदणीकृत नर्ससाठी हे तास ऐच्छिक नाहीत. इंडियन नर्सिंग कौन्सिलने नोंदणी नूतनीकरणासाठी ५ वर्षांत १५० तासांचे पुढील शिक्षण ठरवले आहे. यात नेमके काय मोजले जाते ते राज्याच्या परिषदेत आधी विचारून घ्या.

४. इतर राज्यांत आशाताई असतात. गोव्यात कुणाला धरायचे?

गोव्यात आशा योजना इतर राज्यांसारखी राबवलेली नाही, त्यामुळे शेजारच्या राज्यांतली माहितीपत्रके इथे तशीच चालत नाहीत. तुमचा पहिला दुवा म्हणजे उपकेंद्रातली एएनएम आणि प्राथमिक आरोग्य केंद्र. अंगणवाडी ताईला वाड्यातले प्रत्येक घर ठाऊक असते, म्हणून ओळख तिच्याकडून करून घ्या. तातडीला १०८, ज्येष्ठांच्या अडचणींसाठी १४५६७, मनाच्या त्रासासाठी टेलिमानस १४४१६. हे तीन क्रमांक फ्रिजवर चिकटवा आणि त्यांच्याखाली घराचा पत्ता खुणेसकट लिहा. 'देवळामागून डावीकडे तिसरे घर' एवढे सांगता आले तर १०८ लवकर पोचते. परगावची अटेंडंट घाबरली की पत्ताच विसरते.

५. एखादीला काम 'येते' हे ठरवायचे कसे? प्रमाणपत्र तर सगळ्यांकडे असते.

करताना पाहायचे. दोन वेगळ्या रुग्णांवर मिळून तीनदा, यादी हातात धरून. कूस बदलण्याची आमची यादी अशी :

हात साबणाने ४० ते ६० सेकंद धुतले. रुग्णाला काय करणार ते सांगितले. त्याचा पलीकडचा हात छातीवर घेतला, पलीकडचा गुडघा वाकवला. खांदा आणि कंबर धरून आपल्याकडे वळवले, ओढले नाही. पाठीमागे उशी लावून शरीर साधारण ३० अंशांत तिरके ठेवले, पूर्ण ९० अंशांवर नाही, कारण तसे केल्यास सगळा भार मांडीच्या बाजूच्या हाडावर येतो. गुडघ्यांमध्ये उशी. पोटऱ्यांखाली उशी, म्हणजे टाचा अधांतरी राहतात. खालचा कान दुमडलेला नाही, लघवीची नळी अंगाखाली नाही, चादरीला सुरकुती नाही. माकडहाड आणि टाचा पाहिल्या. वेळ लिहिली.

यातल्या दोन चुकांना थेट नापास : रुग्णाला ओढणे आणि त्वचा न पाहणे. ओढताना वरची कातडी चादरीला धरून राहते, हाड पुढे सरकते आणि मधल्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात, म्हणून जखम आतून सुरू होते. रुग्णाला वर सरकवायचे असेल तर खाली आडवी दुहेरी चादर घालून दोघांनी उचलायचे.

लाल डाग दिसला तर बोटाने काही सेकंद दाबून सोडा. पांढरा पडून परत लाल झाला तर अजून वेळ आहे. पांढरा पडलाच नाही तर ती जखमेची पहिली पायरी, त्याच दिवशी नर्सला कळवा. सावळ्या अंगावर लाली दिसत नाही, तिथे गरमपणा, कडकपणा किंवा वेगळाच काळसर रंग हाताला-डोळ्याला लागतो का पाहा. लाल जागेवर तेल चोळू नका आणि रबरी रिंग देऊ नका. आजीबाईंच्या काळापासून चालत आले असले तरी चोळण्याने नाजूक झालेली कातडी फाटते आणि रिंग कडेने रक्त अडवते.

साध्या गादीवर दर २ तासांनी कूस बदलायची. एअर गादीने ही वेळ वाढू शकते, पण किती ते नर्सने ठरवायचे. गादी चालू आहे म्हणून रात्रभर न हलवणे ही घराघरांतली चूक आहे. गादीच्या पंपावरचे वजनाचे बटण रुग्णाच्या वजनावर ठेवा आणि माकडहाडाखाली, एअर गादीच्या खालून, तळहात घालून पाहा. हाड हाताला लागत असेल तर हवा कमी आहे.

६. साखर कधी फार वाढते, कधी एकदम उतरते. इन्सुलिनचे युनिट तेच आहेत. काय चुकते?

आधी सिरिंज पाहा. भारतात कुपीतले इन्सुलिन बहुधा ४० युनिट प्रति मिलिलिटर असते, पेनच्या काडतुसातले १००. सिरिंजही दोन मिळतात, ४० ची लाल टोपीची आणि १०० ची नारिंगी टोपीची. ४० च्या कुपीतून १०० च्या सिरिंजने '२०' खुणेपर्यंत भरले तर प्रत्यक्षात ८ युनिटच जातात. उलट झाले, म्हणजे १०० चे इन्सुलिन ४० च्या सिरिंजमध्ये, तर २० च्या जागी ५० युनिट जातात आणि माणूस बेशुद्ध पडू शकतो. औषधवाल्याने 'इन्सुलिनची सुई' म्हणून हाती येईल ती दिली की हे घडते. बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा मोठ्याने वाचून जुळवा, दरवेळी. पेनच्या काडतुसातून सिरिंजने कधीच ओढू नका.

सिरिंज बरोबर असेल तर पुढचे : एकाच जागी टोचून टोचून गाठ झाली आहे का, चालू कुपी उघडून २८ दिवस उलटले का, न उघडलेली कुपी फ्रीजरला चिकटून गोठली होती का. गोठलेले इन्सुलिन फेकायचे.

साखर ७० च्या खाली आणि रुग्ण शुद्धीवर असेल तर ३ चमचे साखर पाण्यात घालून द्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही घालू नका, १०८ ला फोन करा.

७. नाकातल्या नळीतून पेज दिली की खोकला येतो. सिरिंजने नळीत हवा मारून पोटावर 'गुड' आवाज ऐकला होता. तरी?

त्या आवाजावर विसंबू नका. नळी फुप्फुसाच्या वाटेवर असली तरी तो ऐकू येतो. नाकापाशी नळीवर केलेली खूण जागेवर आहे का पाहा आणि सोय असेल तर नळीतून ओढलेला द्राव पीएच पट्टीवर (आम्लता दाखवणाऱ्या कागदावर) तपासा. ५.५ किंवा कमी हवे. खूण सरकली, खोकला किंवा धाप आली तर काही न देता नर्सला बोलवा.

डोके ३० ते ४५ अंश वर ठेवा, भरवताना आणि नंतर किमान अर्धा तास. आधी-नंतर ३० मिलि पाणी. एका वेळी २०० ते २५० मिलि, सिरिंजचा दट्ट्या काढून, आपल्या वजनाने उतरू द्या, १५-२० मिनिटे लागली पाहिजेत. दट्ट्याने ढकलले की उलटी होते. पेज दोनदा गाळा. उकड्या तांदळाचे एक शीत नळी बंद करायला पुरते.

८. घरच्यांना शिकवले तरी दुसऱ्या दिवशी सगळे विसरतात.

'समजलं का?' असे विचारणे बंद करा. याला सगळे 'हो' म्हणतात. 'आता मला करून दाखवा, मी रुग्ण आहे असं समजा' असे म्हणा. एका भेटीत दोनच गोष्टी शिकवा. सून शिकली आणि रात्री मुलगा जागतो, असे असेल तर शिकवायचे मुलाला. मुलगा तारवटी असेल, सहा महिने बोटीवर, तर त्याला व्हिडिओ कॉलवर पाहू द्या, पण करून दाखवायला सांगायचे शेजारणीला.

९. डॉक्टरांना फोन केला की ते म्हणतात 'नीट सांगा'. नीट म्हणजे कसे?

पाच वाक्यांत. कोण, काय झाले, आधी काय होते, आता मोजमाप काय आणि तुम्हाला काय हवे. उदाहरणार्थ : 'डॉक्टर, मी डिचोलीहून अटेंडंट बोलते, रुग्ण ७८ वर्षांचे आजोबा. सकाळपासून ताप, लघवी अगदी कमी. मधुमेह आहे, लघवीची नळी आहे. ताप १०२, नाडी ११०, वरचे बीपी ९४, बोलण्यात गोंधळ. १०८ बोलावू का?' हे वाक्य बैठकीत (प्रश्न ३) पाठ होईपर्यंत म्हणायचे.

भाषेची गंमत इथे जिवावर येते. आजी कोंकणीत 'घुंवळ येता' म्हणतात, परराज्यातली अटेंडंट हिंदीत काहीतरी वेगळेच कळवते. चक्कर, दम, छातीत दुखणे, उलटी, लघवी न होणे असे दहा शब्द कोंकणी, मराठी आणि हिंदीत एका कागदावर लिहून खाटेजवळ लावा.

पावसाळ्यातला ताप पॅरासिटामॉल देऊन आठवडाभर पाहत बसायचा नसतो. पोटऱ्या दुखणे, डोळे लाल, लघवी कमी असेल तर लेप्टोस्पायरोसिसची (उंदराच्या लघवीने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) शंका घ्या. डेंगीची शक्यता असताना आयबुप्रोफेन ही वेदनाशामक गोळी स्वतःहून देऊ नका, आणि कोणी रोजची ॲस्पिरिन घेत असेल तर ती चालू ठेवायची का हे डॉक्टरांना त्याच फोनवर विचारा.

१०. 'नवे प्रयोग' म्हणजे ॲप आणि मशीनच का? आमच्याकडे तेवढे पैसे नाहीत.

बहुतेक उपयोगी बदल फुकट असतात. पद्धत अशी : एक त्रास निवडा, तो आठवड्यात किती वेळा होतो ते मोजा, एक छोटा बदल एकाच घरी आठवडाभर करून पाहा, परत मोजा. फरक पडला तर दुसऱ्या घरी न्या, नाही पडला तर सोडा आणि का नाही ते लिहा.

समजा, आजोबा रात्री न्हाणीघराकडे जाताना घसरतात. आठवड्यात दोनदा घसरले किंवा घसरता घसरता वाचले, इतके लिहिले. बदल : झोपण्याआधी लघवीला नेणे, उंबरठ्यावर पांढरी पट्टी, वाटेत रात्रीचा दिवा. तिन्ही एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही हे खरे, पण पडण्याच्या बाबतीत आम्ही तिन्ही एकदम करायला सांगतो. मांडीचे हाड मोडले तर शिकून काय करणार? कूस बदलण्याच्या तक्त्यासारख्या गोष्टीत मात्र एकेक बदल करा.

मोजल्याशिवाय केलेला बदल हा प्रयोग नव्हे. 'आता बरं वाटतं' ही नोंद धरू नका.

११. गोव्यात असे काही खरोखर तपासले गेले आहे का?

हो, आणि जगभर त्याचा उल्लेख होतो. डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) असलेल्यांच्या घरी, तिसवाडी आणि बार्देश तालुक्यांत, ८१ कुटुंबांवर केलेली चाचणी २००८ मध्ये प्रसिद्ध झाली. डॉक्टर नसलेल्या, प्रशिक्षण दिलेल्या सल्लागार सहा महिने घरी जात होत्या : आजार समजावणे, हट्ट-चिडचिड कशी हाताळायची, कोणत्या सरकारी योजना मिळतात. सांभाळणाऱ्यांचे मानसिक आरोग्य सुधारले, वागण्यामुळे होणारा मनस्ताप कमी झाला. रुग्णाच्या रोजच्या कामक्षमतेत मात्र ठोस फरक दिसला नाही. सांगताना दोन्ही बाजू सांगा.

१९९६ मध्ये स्थापन झालेल्या 'संगत' संस्थेच्या विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्याच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत सामान्य समुपदेशकांकडून नैराश्यावर थोडक्या बैठकांचा उपचार तपासला. त्याचे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आले. आपल्या कामासाठी त्यातली देखरेखीची पद्धत मोलाची आहे (पुढचा प्रश्न).

१२. तज्ज्ञ दर आठवड्याला येऊ शकत नाही. मग चूक कोण दाखवणार?

सोबतीणच. 'संगत'च्या त्या कामात (प्रश्न ११) समुपदेशक एकमेकांच्या बैठकांचे ध्वनिमुद्रण ऐकून ठरलेल्या पट्टीवर गुण देत. सरावाने त्यांचे गुण तज्ज्ञांच्या गुणांशी जुळू लागले. घरसेवेत आवाजाऐवजी कामाची यादी (प्रश्न ५) वापरा. दोन अटेंडंटनी महिन्यातून एकदा एकमेकींच्या घरी अर्धा तास बसून यादी भरायची, मग तज्ज्ञ नर्सने त्यातली एक स्वतः पाहायची. दोघींच्या खुणा फार वेगळ्या आल्या तर यादीतले वाक्य संदिग्ध आहे, ते सुधारा.

जखमेचा फोटो किंवा व्हिडिओ काढायचा असेल तर आधी रुग्णाची, तो सांगू शकत नसेल तर घरच्यांची, संमती लिहून घ्या. चेहरा नको, नाव नको, आणि काम झाले की फोनमधून काढा. एजन्सीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर उघडे अंग टाकणे हे शिकणे नव्हे.

१३. पावसात वीज जाते. ऑक्सिजन मशीनवर रुग्ण आहे. तयारी काय?

५ लिटरचे कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन काढणारे मशीन) साधारण ३५० वॉट खाते. १२ व्होल्ट, १५० एएचच्या चांगल्या बॅटरीवर ते हिशेबाने ३ तास चालेल, जुन्या बॅटरीवर त्याहून कमी. पंखा-टीव्ही त्याच इन्व्हर्टरवर असेल तर आणखी कमी. म्हणून सोबत सिलिंडर हवाच. १५०० लिटरचा बी-टाइप सिलिंडर मिनिटाला २ लिटरने साधारण १२ तास पुरतो. रेग्युलेटर आणि चावी सिलिंडरलाच बांधून ठेवा, अंधारात ती सापडत नाही. दर महिन्याला घड्याळ लावून एकदा वीज बंद करून सराव करा आणि किती मिनिटे लागली ते लिहा.

जूनपासून दमट हवेत मशीनची बाहेरची जाळी आठवड्याला धुवून पूर्ण वाळवून लावा. ओली लावली तर हवा कमी जाते. मशीन भिंतीपासून फूटभर दूर ठेवा. समई-उदबत्ती त्या खोलीत नको.

१४. सुया, डायपर, ड्रेसिंग कुठे टाकायचे?

सुई टोपी परत न लावता जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका. तीन-चतुर्थांश भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी लावा आणि नर्स किंवा आरोग्य केंद्राशी आधी बोलून तिथे द्या. सुक्या कचऱ्यात टाकली तर ती कचरा वेचणाऱ्याच्या हाताला टोचते. रक्त-पू लागलेले ड्रेसिंग आणि डायपर कागदात गुंडाळून वेगळ्या पिशवीत, वर खूण करून द्या.

फरशीवर रक्त सांडले तर आधी कागदाने टिपा, मग १ टक्का ब्लीच ओता. ३० टक्क्यांची ब्लीचिंग पावडर असेल तर एक लिटर पाण्यात साधारण ३३ ग्रॅम. रोज ताजे करायचे. फिनाइलमध्ये किंवा ॲसिडमध्ये मिसळू नका.

१५. चूक झाली तर अटेंडंट सांगतच नाही.

कारण सांगितले की काम जाते. चूक आणि 'होता होता वाचली' अशी घटना लिहायला वेगळी वही ठेवा, तीन रकाने : काय झाले, का झाले असावे, काय बदलले. नाव लिहायचे नाही. पण ही सूट कामातल्या चुकीला आहे. मारहाण, दारू पिऊन येणे, चोरी, औषध मुद्दाम लपवणे या वहीत येत नाही.

१६. रुग्णाचा नातेवाईक अंगचटीला येतो. घरात ती एकटी असते. तक्रार कुठे?

कामाच्या ठिकाणी लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात राहते घरही कामाची जागा धरलेले आहे. एजन्सीत दहा किंवा अधिक माणसे असतील तर तिची अंतर्गत समिती हवी, नसेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार ३ महिन्यांच्या आत लेखी करायची. तोवर तिला त्या घरी परत पाठवू नका आणि तिचा रोज कापू नका.

डिमेन्शिया असलेल्या रुग्णाने अंगाला हात लावला तर तो आजाराचा भाग असू शकतो, पण तिने सोसायचे असा त्याचा अर्थ नाही. आंघोळीची वेळ बदला, दोघांनी मिळून करा, आणि डॉक्टरांना कळवा.

१७. एका वाड्यावर जमले, तेच शेजारच्या गावात फसले. पद्धत चुकीची का?

नेहमीच नाही. गोव्यातच नैराश्यावर सामान्य समुपदेशकांची 'मानस' ही मोठी चाचणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. सरकारी प्राथमिक केंद्रांत तिचा फायदा दिसला, खासगी डॉक्टरांकडे तसा दिसला नाही. माणसे, प्रशिक्षण तेच, जागा बदलली. म्हणून दुसऱ्या गावी नेताना आधी तीन गोष्टी विचारा : तिथे एएनएम वेळेवर येते का, घरात दिवसा कोण असते, आणि आठवड्याची बैठक भरेल का. यातले एक नसेल तर तेवढा भाग बदलून एकाच घरी नव्याने सुरू करा (प्रश्न १०), आणि पहिल्या गावाचे आकडे तिथे सांगू नका.